मांडे मी शिकले

शनिवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. आज इंदिरानगरातल्या एक बाई आल्या, मुलीच्या लग्नासाठी दोनशे मांडे हवे होते. खापरावरून उतरलेला गरम मांडा खाल्ला आणि म्हणाल्या, "खानदेशच्या ना तुम्ही? रक्तातच असतं हो हे."

मी म्हटलं, "नाही, पेठ तालुक्यातली. आमच्याकडे नागलीची भाकरी. माझ्या आईनं मांडा कधी पाहिला नाही."

बाईंचा चेहराच उतरला. "मग लग्नात जमतील ना नीट?" आत्ता खाल्लं ते काय होतं?

माझी जाऊ मागून बोटानं ढोसतेय, "हो म्हण गं, खानदेशची म्हण. कोण बघायला येतंय?"

का म्हणू? नांदगावच्या सखूआक्कांकडे तीन वर्षं शिकले. कोपरापर्यंत हात भाजले. फाटलेले मांडे मीच खाल्ले. तेव्हा हे रक्त कुठं झोपलं होतं? भाजले मी आणि नाव रक्ताला?

तसंच सांगितलं बाईंना. म्हणाल्या, "घरी विचारून फोन करते."

जाऊ अजून तणतणतेय, एवढी मोठी ऑर्डर घालवलीस म्हणून. घालवली. खानदेशची म्हणून कुणी घेऊ नये, पेठची म्हणून कुणी सोडू नये. मी केलेत, एवढं पुरत नसेल त्यानं दुसरीकडे जावं.