जबड्याचा सांधा

सोमवार, १२ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. गुडघा काय म्हणतोय? गोळ्या घेताय ना, की आईशी रोजची हुज्जत चालूच? फोन करत नाही, कारण नको तो विषय निघाला की तुम्हाला लगेच ऐकू येईनासं होतं.

हे चौथं पत्र. तीन फाडली. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

तुमच्या संग्रहालयातला रानबैलाचा जबडा आमच्या प्रयोगशाळेत आला, हे कळलं असेलच. चार हजार वर्षांपूर्वीचं हाड. चिमूटभर भुकटी काढून डीएनए तपासला, तर त्यात गोठ्यातल्या गाईच्या खुणा! म्हणजे रानातले कळप तेव्हाच माणसांच्या गुरांत मिसळत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हरखल्यात. शुक्रवारी सगळ्यांसमोर जाहीर करणार आहेत, तेही माझ्या नावाने.

मला मात्र चैन पडेना. परवा त्याच जबड्यातल्या दाताच्या मुळातून पुन्हा भुकटी काढली. गाय गायब! ती सापडते फक्त डावीकडे, एका केसाएवढ्या सांध्यापाशी.

काय सुबक जोडलाय हो बाबा! पहिल्यांदा मलाही दिसला नाही. की मला बघायचंच नव्हतं, कोण जाणे.

नऊ वर्षांची होते. शाळा सुटल्यावर संग्रहालयात तुमच्या खोलीत आले, जबडा उचलला आणि तो हातातून निसटला. तुम्ही ओरडला नाहीत. घरी आणून गाईच्या कातड्याचा सरस शिजवलात आणि तुकडे चिकटवलेत. आई वासाने इतकी वैतागली की तिने पातेलंच फेकून दिलं. संग्रहालयाच्या नोंदवहीत तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. "धांदरट, कुणाजवळ बोलायचं नाही," एवढंच म्हणालात.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी संग्रहालयाचे साहेब म्हणाले होते, "यांच्या हाताखाली एक हाड तडकलं नाही." तुमचा फोटो अजून तिथे भिंतीवर आहे. म्हणून तर परवापासून तोंड शिवून बसलेय. गप्प राहिले तर कुणाला पत्ताही लागणार नाही, आणि तेच मला खातंय.

पत्र बुधवारी पोहोचेल. गुरुवारी सकाळी मी बाईंना सगळं सांगणार आहे. सरस, कोरी नोंदवही, सगळं. तुमचं नाव निघेल, बाबा. मला फार वाईट वाटतंय. राग आला तर या आणि दोन थपडा मारा, तेव्हाच्या राहिल्यात.

पण सुरुवात मी एकाच वाक्याने करणार: जबडा मी पाडला. तीस वर्षं तुम्ही मला ते म्हणू दिलं नाहीत.

तुमचीच,
धांदरट