राजधानी हलली नाही

जूनो, अलास्का
९ मे १९८१

लाडक्या सिग्ने,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे, दोन्ही पोचले. मोजे लगेच घातले, मे उजाडला तरी इथे पाऊस आणि गारठा आहेच. माझी तब्येत ठणठणीत. गाई चरायला सोडल्या का? गोठ्याचं दार रॉयने दुरुस्त केलं हे वाचून बरं वाटलं. जावई माझ्यापेक्षा कामसू निघाला.

आधी वाईट बातमी. राजधानी जूनोहून आपल्या घराजवळच्या विलोला हलवण्याचं विधेयक समितीतच पडलं. बाजूने तीन, विरुद्ध चार. तू आपल्या पामर गावभर फलक लावलेस, थंडीत दारोदार फिरलीस, म्हणून तुलाच पहिल्यांदा कळवतोय. राजधानी विलोला आली की बाबा रोज रात्री जेवायला घरी, असा तुझा हिशेब होता. ठाऊक आहे मला.

मी कसूर केली नाही हं. उभा राहून म्हणालो, "या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही. जानेवारीत धुकं होतं म्हणून विमानाने मला दुसऱ्याच गावी, थेट सिटकाला नेऊन उतरवलं. माझ्या मतदाराने आपल्या सरकारला गाठायचं कसं?"

मग साक्षीला एक बाई उठल्या. पर्पेतुआ दुमलाव. फिलिपिनो, पण जन्म इथलाच. नवरा मासेमार होता, तो वारला. आता बंदरापाशी खानावळ चालवतात. म्हणाल्या, "साहेब सिटकाहून इथे कसे आले, ते विचारा की!"

अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, "फेरीबोटीने."

"त्याच बोटीवर मी होते. माझ्या डब्यातल्या शेवया दोन ताटल्या खाल्ल्या यांनी, आणि मग बाकावर घोरत पडले. हाल झाल्यासारखे काही दिसले नाहीत मला!"

सगळे हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "खरं का हे, तोलेफसन?"

"दोन नाही, तीन," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

मग बाईंचा आवाज उतरला. "तुम्ही उठून गेलात तर निम्मं गाव ओस पडेल. माझ्याकडे जेवतात ते तुमचेच कारकून. आम्ही कुठे जायचं? आमची माणसं इथल्या मातीत आहेत." कुणी हसलं नाही. मला पामरच्या टेकडीवर पुरलेली तुझी आई आठवली. तरी मतदानाला हात वर केला तो राजधानी हलवण्याच्या बाजूनेच. लोकांना शब्द दिला होता.

बाहेर पायऱ्यांवर बाई पावसात उभ्या होत्या.

"हात वर केलातच ना शेवटी?"

"केला."

"बरं केलंत. शब्द फिरवला असतात तर आज ताट वाढलं नसतं."

एवढं वाचून तुला कळलंच असेल. हुशारीत तू आईवर गेलीस. फेब्रुवारीपासून मी रोज तिच्याच खानावळीत जेवतो. रविवारी पर्पेतुआबरोबर कॅथलिक चर्चलाही जातो. तुझ्या कट्टर प्रोटेस्टंट आजोबांना कळलं असतं तर काठी घेऊन धावले असते.

पुढच्या वर्षी मुदत संपली की मी पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही. शेत तुझ्या आणि रॉयच्या नावावर करतो. मी इथेच राहीन म्हणतो. तिला लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "आधी मुलीला विचारा. तिने हो म्हटलं, की मग या माझ्याकडे."

राजधानी तर आलीच नाही, वर बापही गेला, असं वाटेल तुला. चिड, भांड, हवं ते लिही. पण आई गेल्यापासून चार वर्षं मी चुलीपाशी उभ्यानेच जेवत होतो गं. तू अंगणात दिसलीस की घाईघाईने खुर्ची ओढून बसायचो. इथे मी बसून जेवतो, आणि जेवण झालं तरी उठावंसं वाटत नाही.

ऑगस्टमध्ये आईच्या वाढदिवसाला टेकडीवर येईन. दर वर्षी येईन. या वेळी पर्पेतुआला बरोबर आणू का, तेवढं कळव. नको म्हणालीस तर एकटा येईन, रागावणार नाही.

तुझा बाबा,
आणि अजूनही तुझ्या आईचा
एनार