लेव्हल दोनवर पाणी

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, १८ मे २०२४

ती. दमयंतीताईस, धाकट्या अनंताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच, गुडघे वाकत नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? नाशिकला उकाडा जरा कमी असेल. इथं दुपारी गुलमंडीत कुत्रंसुद्धा दिसत नाही असं लोक सांगतात. मला तर तसंही दिसत नाही, तेव्हा मी नुसती मान डोलावतो.

शेजारच्या गोजरबाईंनी तुला फोन करून मी टँकरखाली जाता जाता वाचलो असं सांगितलं, हे कळलं. त्यावरून तुझा हिमांशू रविवारी गाडी घेऊन मला कायमचं नाशिकला न्यायला येणार, हेही कळलं. (बाई चांगल्या आहेत, पण राईचा पर्वत करायला त्यांना राईसुद्धा लागत नाही.) टँकर वीस फूट लांब होता. मी धडकलो ते आप्पासाहेबांच्या स्कूटरला, आणि तीही उभी होती. पण हे का घडलं आणि यापुढं का घडणार नाही ते नीट ऐक, कारण तुझ्या नातीनं, स्वरालीनं, जे करून दाखवलंय त्यानं कालपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

यंदा जायकवाडीनं तळ गाठलाय, आणि आमच्या कॉलनीत नळ अजून पोचायचेत (इमारती पोचल्या). तीन-चार दिवसांनी टँकर येतो, त्याची वेळ कॉलनीच्या वेबसाइटवर लागते. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून माझा संगणक मला सगळं वाचून दाखवतो. त्याची एक कळ दाबली की मधला मजकूर सोडून तो नुसती हेडिंगं सांगतो. लेव्हल एक म्हणजे पानाचं नाव, दोन म्हणजे विषय, तीन म्हणजे पोटविषय. आमच्या कचेरीतल्या फायलीसारखंच. पण पान सांभाळतात आमचे सचिव आप्पासाहेब. मोठं अक्षर म्हणजे मोठा मान, या न्यायानं त्यांनी सगळंच लेव्हल एक करून ठेवलं होतं: बिडकीनचे प्लॉट, करमाडचे प्लॉट, त्यांच्या साडूचा वाढदिवस, आणि यांत कुठंतरी पाणी.

स्वराली सुट्टीला आली, तिनं हे पाहिलं आणि एक प्रोग्राम लिहिला. कोणता मजकूर कशाच्या पोटात बसलाय हे तो बघतो आणि लेव्हल आपोआप लावतो. मी पेढे वाटले. (वाटायला नको होते.) कारण आपल्याकडे कुठलीही सूचना, अगदी गटार तुंबल्याचीसुद्धा, वर मधोमध ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ लिहिल्याशिवाय निघत नाही. बिचाऱ्या प्रोग्रामला वाटलं, हाच विषय. त्यानं प्रत्येक सूचनेत गजाननाला लेव्हल दोनवर बसवलं आणि बाकी सगळं त्याच्या पोटात घातलं. मंगळवारी सकाळी मी दोनच्या लेव्हलची कळ दाबतो, तर श्री गजानन प्रसन्न. पुन्हा दाबतो, श्री गजानन प्रसन्न. सातव्या गजाननाला बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी बादली घेऊन धावलो, आणि पुढचं गोजरबाईंनी सांगितलंच आहे. पुण्य भरपूर मिळालं, पाणी अर्धी बादली.

स्वराली आधी रडवेली झाली, मग हट्टाला पेटली. देवाचं नाव हा नमस्कार आहे, हेडिंग नाही, त्याला लेव्हल लावायची नाही, असं तिनं प्रोग्रामला शिकवलं. हे कळताच आप्पासाहेब तावातावानं आले. “पोरी, देवाला खाली उतरवलं व्हय? अन् माझं नाव लेव्हल चारला? हे नाय जमायचं.” ती म्हणाली, “आप्पाकाका, अक्षर हवं तेवढं मोठं ठेवा. लेव्हल फक्त अनंतआजोबांच्या कानासाठी आहे.” त्यांनी पडद्यावर आपलं नाव निरखून पाहिलं, होतं तेवढंच मोठं होतं. “मग हरकत नाय,” म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

आणि काल, शुक्रवारी, मी कळ दोनदा दाबली. ‘पाण्याची वेळ, लेव्हल दोन.’ खाली लगेच: आज, साडेसात. ताई, सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या दारात ‘आज पाणी आहे का हो’ विचारायला गेलो नाही. उलट सव्वासातला आप्पासाहेबच माझ्या दारात. “अनंतकाका, चष्मा सापडंना. पाणी कवाचं हाय?” मी सांगितलं. मग रांगेत पहिला उभा राहिलो, चार बादल्या भरल्या, पिंपही भरलं. पेन्शन मंजूर झाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तेव्हा मला इथून हलवायचं काही कारण उरलेलं नाही, हे तूच हिमांशूला समजाव. माझ्या घरासाठी त्यानं जो भाडेकरू पाहिलाय त्यालाही नाही म्हणून टाकावं. स्वराली घरी आली की तिची दृष्ट काढ.

तुझा,
अनंता

ता. क. : पत्र मी स्वतः टाइप केलंय, ई-मेलनं आजच मिळेल. चुका आढळल्या तर त्या स्वरालीच्या.

ता. क. दुसरा : स्वराली सोमवारी निघतेय. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण संगणक नुसता वाचतो, त्याच्याशी भांडता येत नाही. हिमांशूला रविवारी येऊ दे. मला न्यायला नको, तुला इथं सोडायला.