‘द चेकनाका’चा आवाज मी कसा दुरुस्त केला

चारोटी,
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप साडूभाऊ देवजीभाऊ यांना लहानूचा साष्टांग नमस्कार (कंबरेत उसण भरल्यामुळे तो कागदावरच घालतो आहे, प्रत्यक्ष घातल्याचा मानून घ्यावा).

इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. रानशेतला भात कापून झालं असेल, झोडणी चालू असेल. तुमचा डावा गुडघा (डावाच ना? उजवा असल्यास तसं वाचावं) कसा आहे? बुधीताईंचं बीपी कुठवर आलं? इकडे आम्ही ठीक. जयवंती ताईंची आठवण काढते, विशेषतः माझ्यावर चिडली की, “ताईचं नशीब बघा” अशी सुरुवात करून. म्हणजे रोजच काढते.

तुमच्या भाचीच्या, आमच्या रविनाच्या, बँडबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. त्यातलं निम्मं खोटं असणार, कारण या तालुक्यात कुठलीही बातमी चारोटीहून रानशेतला पोचेपर्यंत तिला दोन पाय जास्त फुटतात. तेव्हा तपशील माझ्याकडून घ्या. बँडचं नाव ‘द चेकनाका’. रविना गाते आणि गिटार बडवते, सुनिल ड्रम बडवतो, आणि नविन चार तारांची जाडी गिटार घेऊन बाजूला उभा राहतो, सासरी आलेल्या जावयासारखा. नावात ‘द’ कशाला, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, काका, अशा बँडच्या नावात ‘द’ असतोच. संगीताचा प्रकार गॅरेज रॉक. रविनाने मला समजावलं ते असं : साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत काही पोरांना वाजवायला जागा नव्हती, म्हणून ती गाडी ठेवायच्या शेडमध्ये जाऊन वाजवायची. वाजवता येत नव्हतं, मशीन धड नव्हतं, पण जोर होता. पुढे ते संगीत मेलं. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या पोरांनी ते उकरून काढलं. या वेळी त्यांना वाजवता येत होतं, तरी येत नसल्यासारखं वाजवायचं ठरलं. पुढे तेही मेलं. आता आमच्या तिघांनी अच्छाडला ते पुन्हा उठवलं आहे. (म्हणजे एकच मढं दोनदा उकरलं. आपल्याकडे असं झालं तर भगताला बोलावतात, तिकडे वार्ताहराला बोलावतात.)

अच्छाडला, गुजरातच्या सीमेवरच्या चेकनाक्याला लागून, सुनिलच्या वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, चार वर्षांपासून बंद. तिथे यांनी संसार थाटला. मशीन म्हणून रविनाने आमच्या माळ्यावरचा माझा क्रमांक सातचा अँप्लिफायर उचलला. १९९४ साली मी स्वतः बांधलेला, चाळीस वॅट, समोर पितळी पट्टी आणि तिच्यावर माझ्या हाताने कोरलेलं ‘जयवंती साऊंड, चारोटी, क्र. ७’. (मी कुठल्या आयटीआयची पायरी चढलो नाही हे तुम्ही जाणताच. हल्ली आयटीआयवाले माझ्या दुकानाची पायरी चढतात, तेही चपला काढून.) तो माळ्यावर का होता, तर आजारी होता. खालच्या सुरात गेला की म्हैस घसा खाकरल्यासारखा बोलायचा, वरच्या सुरात पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखा. मी तो कुणाला दिला नाही, फेकलाही नाही. नाव जयवंतीचं आहे, फेकून कुठे जाणार?

पहिला कार्यक्रम तलासरीला एका हळदीत झाला. अकरा मिनिटं चालला. बाराव्या मिनिटाला नवरदेवाच्या मामाने बोर्डातून पिन उपसली आणि डीजे लावला. मला वाटलं, सुटलो. पण नंतर एकदा नाक्यावर ट्रकांची रांग तुंबली असताना हे तिघं गॅरेजचं शटर वर करून वाजवायला बसले. ड्रायव्हर लोक उन्हात कंटाळलेले, त्यांनी तालावर हॉर्न द्यायला सुरुवात केली. चाळीसेक ट्रक, प्रत्येकाचा हॉर्न वेगळ्या पट्टीत. राजस्थानच्या एका ड्रायव्हरने त्याचा व्हिडिओ काढला आणि मी तीस वर्षांत विकलेल्या सगळ्या भोंग्यांचा मिळून आवाज जेवढा लांब गेला नसेल तेवढा लांब तो व्हिडिओ गेला. मग वापीचं कॉलेज, मग डहाणूचा किनारा, मग मुंबई. मुंबईहून एक दाढीवाले समीक्षक आले. गॅरेजात वंगणाच्या डागावर मांडी घालून बसले, डोळे मिटून ऐकलं आणि इंग्रजीत लेख लिहिला. रविनाने तो मला मराठीत सांगितला : या आवाजात सीमाभागाची जखम आहे. देवजीभाऊ, ती जखम नव्हे, तो आऊटपुट ट्रान्सफॉर्मर आहे. पण दाढी असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता प्रभाव ऐका. वर्षभरात डहाणूला ‘द चिकू’ निघाला, आमच्या चारोटीत ‘द टोलनाका’ निघाला, आणि कासा भागातल्या एका जुन्या बेंजोवाल्याने टेम्पोवर नवा बोर्ड लावला : ‘द जय हनुमान बेंजो पार्टी’. पोरं कोरे स्पीकर विकत आणून त्यांचा कागद दाढीच्या ब्लेडने चिरतात. भिलाडचा एकजण चांगलं चालतं मशीन घेऊन माझ्या दुकानात आला आणि म्हणतो, “काका, थोडो फाटेलो अवाज करी आपो ने.” म्हणजे थोडा फाटका आवाज करून द्या. मी म्हटलं, बाबा, तू डॉक्टरकडे जाऊन ‘थोडा खोकला द्या’ म्हणतोस का? तर म्हणे, ‘द चेकनाका’ला तुम्हीच दिलात ना. आणि मोबाईल काढून फोटो दाखवला. फोटोत माझी पट्टी. जयवंती साऊंड, चारोटी, क्र. ७. खाली लाखो लोकांनी बघितल्याचा आकडा. तुम्ही विचार करा. एकतीस वर्षं मी या पट्ट्यात घरघर, खरखर, कूं आणि शिट्टी यांच्याशी लढलो. गावदेवीच्या मंडपात माझ्या भोंग्यातून सरपंचाचा श्वास वेगळा आणि खोकला वेगळा ऐकू येतो. आणि जगाने मला ओळखावं ते कशावरून? माझ्या एकुलत्या एका बिघडलेल्या मशीनवरून! आचाऱ्याने हजार पंगती उठवाव्यात आणि फोटो निघावा करपलेल्या भाताचा, तसं झालं.

तेव्हा गेल्या महिन्यात रविनाने तो अँप्लिफायर दुकानात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, फक्त पिन बदला, ढिली झालीय, बाकी हात लावू नका,” तेव्हा काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. मी पिन बदलली. मग म्हटलं, पिन बदललीच आहे तर वायरही बदलू. वायर बदलली तर झाकण उघडलं पाहिजे. झाकण उघडल्यावर आतले कंडेन्सर माझ्याकडे बघायला लागले. साडेतीन दिवस लागले. कंडेन्सर नवे, ट्रान्झिस्टर नवे, स्पीकरला नवा कागद, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर नव्या तारेचे वेढे देऊन भरलेला, अर्थिंग इतकं पक्कं की त्याला वीज पडली तरी सर्दी होणार नाही. जुने भाग मंगळवारी भंगारवाल्याला दिले. पितळी पट्टी तेवढी चिंच लावून घासली.

अच्छाडला मशीन मी स्वतः नेलं. (कौतुक ऐकायला समोर असावं माणसाने.) रविनाने गिटार जोडली आणि पहिला सूर धरला. काय सांगू, दुधासारखा. देवळातल्या घंटेसारखा. सुनिलची काठी हवेतच थांबली. नविन, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, “काका, हे तर भजनाचं मशीन झालं.” रविनाने सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. आवाज मोठा झाला, पण मोठा आणि स्वच्छ.

“बाबा, आत काय काय बदललंत?”

“सगळं,” मी छाती काढून म्हटलं.

“जुनं कुठाय?”

“भंगारात.”

तिने गिटारची पिन उपसली. आज तेरा दिवस झाले, ती माझ्याशी काहीच बोलत नाही. उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते, येते, जेवते. काही लागलंच तर जयवंतीमार्फत. “आई, यांना सांग मीठ इकडे सरकवा.” मीठ माझ्या हातात असतं, मी ऐकलेलं असतं, तरी जयवंती पुन्हा सांगते. आणि तिला जसंच्या तसं सांगायची सवय नाही. पोरगी म्हणाली, उद्या उशीर होईल, तर इकडे पोचतं, “ऐकलंत? पोरगी घर सोडून निघाली.” आमच्या धंद्यात याला डिस्टॉर्शन म्हणतात.

त्यात २३ तारखेला, रविवारी, पुण्याहून रेकॉर्डिंगवाले यायचे आहेत. त्यांना यांची पहिली दहा गाणी भरायची आहेत, आणि ती अच्छाडच्या त्याच गॅरेजात, त्याच मशीनवर, कारण त्यांना तोच आवाज पाहिजे. तो नसेल तर सामान न उतरवता परत जाऊ असं त्यांनी कळवलंय. रविनाने त्या आठवड्याची रजा मार्चपासून मागून ठेवली होती. ती मंजूर झाली तेव्हा तिने सगळ्या लाइनीला पेढे वाटले. हे मला जयवंतीने सांगितलं, आणि या वेळी स्वतःची काही भर न घालता सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

आता मी चूक केली असं मी म्हणत नाही. दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, कोणीही येऊन मीटर लावून बघावं. पण बिघडवणंही मलाच यायला पाहिजे, असं मनाशी ठरवून बसलो. १९९४ सालच्या माझ्या वहीत वेढ्यांचा आकडा लिहिलेला आहे, त्याप्रमाणे ट्रान्सफॉर्मर भरला. स्वच्छ. दुसरा मुद्दाम कमी वेढ्यांचा भरला. धूर. असे अकरा भरले. चार स्वच्छ, सहा धूर, आणि एक पाकिस्तानचं रेडिओ स्टेशन धरतो. स्पीकरच्या कागदाला ब्लेडही लावून बघितलं (डोळे मिटून, बोकडावर सुरी चालवताना मिटतात तसे). नविनने ऐकलं आणि म्हणाला, “काका, हा फाटलेला नाही, फाडलेला वाटतो.” पोरगं दिवसातून एकच वाक्य बोलतं आणि ते नेमकं माझ्याच वाट्याला येतं. खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत हात इतका सरळ झाला आहे की वाकडं काम त्याला जमतच नाही. हे मी फुशारकीने लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर तसं वाटत नाही.

असो. खुशाली कळावी म्हणून एवढं लिहिलं, बाकी हेतू काही नाही. ताईंना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक साडू,
लहानू

ता. क. — हेतू आहे. १९९४ साली तुमच्या गावदेवीच्या उत्सवासाठी मी तुम्हाला अँप्लिफायर दिला होता, क्रमांक आठ. सातचा जुळा भाऊ, एकाच दिवशी बांधलेला. २००३ साली भर मंडपात तुम्ही म्हणालात की याच्यातून चिखलात रुतलेल्या रेड्याचा आवाज येतो. मी म्हणालो दोष तुमच्या कानांत आहे, आणि तेव्हापासून तुमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तो अँप्लिफायर अजून असेल तर कृपा करून द्यावा. कुणा शहाण्याकडून दुरुस्त करून घेतला नसेल अशी आशा आहे. फडकंसुद्धा लावू नका. आत उंदराने घर केलं असेल तर उंदरासकट द्या.

ता. क. २ — तुम्ही म्हणाल, वहीत वेढ्यांचा आकडा आहे तर घोडं अडलं कुठे? वही खोटी आहे. हे जयवंतीलाही माहीत नाही. सात आणि आठ बांधले त्या दिवशी अंगणात बसून दोन्ही ट्रान्सफॉर्मर भरत होतो. तार जळलेल्या पंपाच्या मोटारीतली. दर पन्नास वेढ्यांना पळसाच्या पानावर भाताचा एक दाणा ठेवत होतो, हिशोब चुकू नये म्हणून. पाणी प्यायला उठलो आणि परत आलो तर पानावर जयवंतीची तांबडी कोंबडी उभी. किती दाणे खाल्ले ते तिलाच माहीत. मी अंदाजाने पुढे भरत गेलो आणि वहीत पुस्तकातला आकडा लिहिला. आठच्या वेळी मी वेढ्यांपेक्षा कोंबडीवरच जास्त लक्ष ठेवलं, त्यामुळे त्याचंही तेच झालं. दाढीवाल्यांनी जिला सीमाभागाची जखम म्हटलं ती ही कोंबडी. फोन केला नाही कारण फोनवर तुम्ही हसला असता आणि मला ते ऐकावं लागलं असतं.

ता. क. ३ — हे टेम्पोत, मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे. पत्र शेजारच्या मुकेशच्या हाती पाठवायचं ठरलं होतं. मी पाकीट चिकटवत असताना रविनाने ते माझ्या हातून काढून घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं. कोंबडीपाशी आल्यावर तिला हसू आवरेना, ओट्यावर बसून घेतलं. मग म्हणाली, आईला नव्हे, मला, “बाबा, पत्र कसलं पाठवता? चला, मी पण येते.” त्यामुळे जयवंती धरून आम्ही तिघंही आलो आहोत. टेम्पो तुमच्या खळ्यापाशी उभा आहे. हे पत्र मुकेश आत आणून देईल. रविनाचं म्हणणं, मी आत येऊन तोंडाने सांगावं की तुमचे कान शाबूत होते. मी म्हटलं, आधी लेखी जाऊ दे. वाचून झालं असेल तर बाहेर या. नाही आलात तर बुधीताईंना पाठवा. त्या शिव्या देतील, पण मशीनही देतील.