ग्रहणातले बांगडे

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण तुझं एक वाक्य न बोलावताच येतं. आज त्या वाक्यासाठीच तुझ्याशी भांडायला बसले आहे.

परवा सुनेबरोबर इथे आखातात, जाब्रियाच्या दवाखान्यात गेले होते. लेकाची ड्यूटी होती. मंगफहून त्याचा फोन, "मम्मी, रूटीन स्कॅन आहे, जस्ट सोबत बस." सुनेला पाचवा महिना. खोलीत अंधार, तिच्या पोटावर थंडगार जेल, आणि मशीनवरची मुलगी पुण्याची निघाली, म्हणून आमच्या गप्पा रंगलेल्या. "काकू, घावनं जाळीदार होत नाहीत हो माझी," असं म्हणता म्हणता ती गप्प झाली. एकाच जागी परत परत बघायला लागली.

मग डॉक्टरीण आली. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाचे चारही कप्पे आहेत, पण त्यांतून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली आहे. मला लगेच कळलं. उजवी बाही डाव्या मुंढ्याला, डावी उजव्याला. कुणी न शिकवता शिवण शिकले, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे, अशा बाह्या उसवून परत लावता येतात एवढं मला समजतं. तीही तेच म्हणाली. आधी कळलं हे बरं झालं, बाळंतपण मोठ्या इस्पितळात करू, जन्मल्याबरोबर औषध, पहिल्या एक-दोन आठवड्यांत ऑपरेशन. "कळलं नसतं तर बाळ निळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं."

निळं म्हणताच माझी पहिली मुलगी माझ्या मांडीवर आली बघ. नखं निळी, ओठ जांभळे. छातीशी घेतली की दोन घोट पिऊन दमते, कपाळावर घाम येतो. तू म्हणतेस, "थंडी वाजते गो तिला, गुंडाळ." तू म्हणतेस, "गुणाची पोर, रडत पण नाय." तू गावची सुईण, तुझ्यापुढे मी काय बोलणार? सतराव्या दिवशी ती गेली. तिचं हेच होतं की दुसरं काही, आता कोण सांगणार? तेव्हा गावात मशीन नव्हतं, तुला कळलं नाही, त्याचा मला राग नाही. देवाशपथ नाही.

राग त्या ओटीवरच्या वाक्याचा आहे. बायका जमलेल्या, माझी सासू समोर बसलेली, आणि तू मोठ्यांदा म्हणालीस, "ग्रहणात बांगडे चिरलेन हिने. मी नको नको म्हणत होते."

खोटं! बांगड्यांची टोपली तूच आणलीस. "पटापट साफ कर, नासतील," हेसुद्धा तूच म्हणालीस. तुझ्या हातचं पोर गेलं म्हणून गाव तुला नावं ठेवेल, या भीतीने तू पोटच्या पोरीला पुढे केलंस. त्यानंतर माझ्या हातात विळी दिसली की सासू तोंड फिरवायची. लेकाच्या वेळी नऊ महिने मी सुईसुद्धा हातात धरली नाही, शिवणाच्या मशीनवर कापड घालून ठेवलं होतं. एवढं मोठं आयुष्य मी त्या बांगड्यांसकट काढलं, आई. तुला एकदाही वाटलं नाही, पोरीला बाजूला घेऊन सांगावं, "चुकलं गो माझं"?

आता पुढचं ऐक. डॉक्टरणीच्या खोलीतून बाहेर आलो. सून बाकावर बसली आणि रडत म्हणाली, "आई, माझं काय चुकलं?" मी तिला जवळ घ्यायचं की नाही? माझ्या तोंडातून निघालं, "ग्रहणाच्या दिवशी काही चिरलं-कापलं होतंस का ग?"

ती बिचारी खरंच आठवायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "ट्यूनाचा डबा उघडला होता. ते चालतं ना?"

मशीनवरची मुलगी रिपोर्ट घेऊन मागे उभी होती. "काकू, काहीतरीच काय! हृदय पहिल्या दोन महिन्यांत आकार घेतं. ग्रहणाचा काय संबंध? यात हिचा दोष नाही, कुणाचाच नाही. परत असं बोलू नका तिच्यापुढे."

सुनेने माझ्याकडे बघितलं. आणि मी काय म्हणाले सांगू? "मी कुठे मानते ग असलं? माझी आई म्हणायची, म्हणून विचारलं."

तुझ्यावर ढकललं आणि हात झटकले. तू उलट बोलणार नाहीस, हे त्या घटकेला मला किती सोयीचं वाटलं! तू मला पुढे केलंस तेव्हा तुलाही असंच हायसं वाटलं होतं का?

हा कागद घडी करून शिवणाच्या मशीनच्या खणात टाकणार, दुसरीकडे कुठे धाडणार? उद्या मंगफला त्यांच्या घरी जाऊन सुनेला सांगायचं आहे, ग्रहणाचं ते मी म्हणाले, मीच मानत होते. सांगेन म्हणते. कालही जाणार होते.