आधी अंदाज, मग पुस्तक

९ जानेवारी
शकू बांगडीवालीने आज सातवी वही भरून आणली. दहावीचा एकच विषय राहिलाय तिचा, भूगोल. मागच्या खेपेला माझ्याच शिकवणीत तीन गुणांनी गेला. म्हणून प्रत्येक उत्तर दहा वेळा लिहायला लावलंय. अक्षर मोत्यासारखं. ब्राझीलची राजधानी विचारली, तर म्हणे, "बाई, वहीत हाय की!"
पन्नाशीत हा हट्ट कशाला, विचारलं. तर म्हणे, "नातू इचारतो, आजी, तू कितवी पास?"

११ जानेवारी
भाची मुक्ता आली. पुण्यात मेंदूवर संशोधन करते. वह्या चाळल्या आणि म्हणाली, "मावशी, यात हात शिकलाय, मेंदू झोपलाय."
चौतीस वर्षं शिकवलं मी! म्हटलं, "कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला एकेक वाक्य पन्नास वेळा लिहायला लावत. काय बिघडलं आमचं?"
"कोणतं वाक्य?"
आठवेना. रागाच्या भरात चहात दोनदा साखर घातली. आणि तो प्यायलाही.

१३ जानेवारी
मुक्ताला घेऊन जवळा बाजार गावी गेले. संक्रांतीची गर्दी, शकूच्या बांगड्यांच्या पालाशी पाय ठेवायला जागा नाही. मु.चा हात लांबून पाहिला न पाहिला, शकूने माप सांगितलं, "दोन-चार!" बांगडी बरोबर बसली. मागच्या बाईला म्हणाली, "तुमी दोन-सहावाल्या." चढेना. "दोन-आठ झाल्या व्हय आता? सून चांगलं खाऊ घालून राहिली!" सगळा पाल हसला, ती बाईसुद्धा.
मु.ने विचारलं, इतके हात ध्यानात कसे राहतात?
"आदी मनात माप धरते. मंग चढवून पाहते. चुकलं की जास्त ध्यानात राहतं."
मु.ने माझ्याकडे पाहिलं. मी गाजरांकडे.

१४ जानेवारी
नवी पद्धत. पुस्तक बंद. प्रश्न विचारायचा, थांबायचं. तिने मनाने काहीतरी सांगायचं, मगच पुस्तक. तोच प्रश्न पुन्हा दोन दिवसांनी, मग आठवड्याने. मु. म्हणते, थोडं विसरून ओढून काढलं की मेंदूतली वाट पक्की होते.
"राजधानी?" "रिओ!" काय तो आत्मविश्वास. पुस्तक उघडलं, ब्राझीलिया. "अगं माय!" कपाळावर हात.
मधे उत्तर पुरवायला मी तोंड उघडलं, तर मु.ने त्यात तिळाचा लाडू कोंबला. उद्धट कार्टी. लाडू चांगला होता.

१ फेब्रुवारी
मु. पुण्याला परत गेली. ब्राझीलिया एकदाही चुकलेली नाही. शकू आता गिऱ्हाइकाला बांगडी चढवता चढवता स्वतःला प्रश्न घालते. आपल्या हिवाळ्यात तिकडे उन्हाळा, हे आज आपणहून सांगितलं. वर म्हणाली, "मंग तिकडच्या बाया संक्रांतीला घामाघूम!"
ब्राझीलमध्ये संक्रांत नसते, हे सांगणार होते. नाही सांगितलं. राहू दे तिच्या डोक्यात.

मार्च, पेपरची आदली संध्याकाळ
रात्रभर वाचते म्हणाली. पुस्तक हिसकावलं. शिकलेलं झोपेत जागच्या जागी बसतं, असं मी चक्क ठणकावून सांगितलं. जणू माझंच संशोधन! मु.ला कळवणार नाही.
रद्दीवाल्याला सातही वह्या देणार होते. हात होईना. एवढं अक्षर.

दुसऱ्या दिवशी
दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. शेवटी आली. पायरीवर टेकली, पाणी प्यायली.
"काय आलं होतं?"
"थांबा. मी इचारते, तुमी सांगा. पुस्तकाला हात न्हाई लावायचा." एकामागून एक पाच प्रश्न. माझे दोन चुकले. माझे! मेली इतकी हसली की ठसका लागला.
मग पदराने तोंड पुसलं. "बाई, एक प्रश्न पुरा कोरा सोडला. पास व्हईन का?"
"आधी तुझा अंदाज."
तिने माझा हात ओढला. मी बांगड्या घालत नाही, तरी गिऱ्हाइकाचा दाबतात तसा बोटं जुळवून दाबला. डोळे मिटून विचार केला.
"घासून जाईल जरा. पण बसंल."