गुरुवारचा इंग्रजीचा क्लास

गुरुवार, १२ मार्च. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटे.
क्लासला नावं सात, वर्गात माणूस एक. बंदरावरचा निवृत्त खलाशी बाल्दो. तोही जांभया देत. दोन वर्षं या गावाला फुकट इंग्रजी शिकवते आहे, पण कदर नाही. मायदेशी गॉलवेच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही अंगात ताप असला तरी वर्ग बुडवत नव्हतो. उद्यापासून कडक शिस्त.

शुक्रवार, १३ मार्च
ओरिएत्ताच्या मासळीच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, काल का आली नाहीस. म्हणाली, बाई, सासू पडली हो. मागच्या वेळी सासू बागेत पडली होती, त्याआधी जिन्यात. इतकी पडणारी ही सासू मला रोज सकाळी टेकडी चढून चर्चला जाताना दिसते. वर साफ केलेले बांगडे माझ्या हातात कोंबले आणि म्हणे, आजच खा हं, उद्यावर टाकू नका. मासळी वाया जाऊ नये म्हणून घेतले. शिस्तीशी त्याचा संबंध नाही.

गुरुवार, १९ मार्च
आज फक्त ओरिएत्ता. बाल्दो गायब. दोन वर्षांत या मंडळींना इंग्रजीत तीन प्रश्न विचारता येतात. जेवलात का, झोप लागली का, रक्तदाबाची गोळी घेतली का. आज भूतकाळ शिकवायला घेतला, तर हिनं विचारलं, काल गोळी घेतली होती का. व्याकरण बरोबर होतं. विषयाचं दारिद्र्य असह्य. पुढच्या गुरुवारी परीक्षा.

शनिवार, २१ मार्च
ग्रंथालयाच्या दारावर परीक्षेची नोटीस लावली. आमचा क्लास तिथंच भरतो. ग्रंथपाल तास्सारांनी ती वाचून उसासा टाकला. म्हणाले, बाई, परीक्षा कशाला, सगळे मिळून कॉफी प्या की. मी म्हटलं, अशानंच या देशाचं वाटोळं झालं. ते म्हणाले, झालं खरं, पण कॉफी चांगली मिळते. उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतं. प्रश्नपत्रिका चार पानी काढणार.

गुरुवार, २६ मार्च. रात्री.
दोघंही आले. नोटिशीचा धाक, असं मनात म्हणते आहे तोवर दारातच त्यांची जुंपली. बाल्दो म्हणे, आज माझी पाळी. ओरिएत्ता म्हणे, आज औषधवाल्या इवानाची, ती मिलानला जाताना तिच्या जागी यायला मला सांगून गेली. बाल्दो म्हणाला, मलाही सांगून गेली, त्या बयेला कुणाचा भरवसाच नाही, मला घरी मॅच बघता आली असती.
मी विचारलं, कसली पाळी. दोघंही छताकडे बघू लागले.
शेवटी बाल्दो बोलला. इथं कुणाचा नवरा गेला की वर्षभर संध्याकाळी कुणीतरी तिच्याजवळ जाऊन बसतं. तुमचा डेसमंड गेला तेव्हा तुम्ही कुणाला घरात घेत नव्हता. मग तुमची क्लासची नोटीस लागली, म्हणून इथं येऊन बसतो.
मी म्हटलं, वर्ष कधीच उलटलं. ओरिएत्ता म्हणाली, उलटलं, पण तुम्हाला ते सांगायचं कुणी.
आणि इंग्रजी? बाल्दोनं अर्धं आयुष्य इंग्रज बोटींवर काढलं आहे. म्हणाला, तुमच्याइतकं शुद्ध नाही येत, पण शिव्या सगळ्या येतात.
परीक्षा घेतली नाही.

शुक्रवार, २७ मार्च
क्लास बंद. मी या गावाला मदत करायला आले, घ्यायला नाही. मनधरणीला कुणी आलं तर दार उघडायचं नाही असं ठरवून दिवसभर घरीच थांबले. कुणी आलं नाही.

रविवार, २९ मार्च
ग्रंथपालांना पाठवलेल्या पत्राची नक्कल:
महोदय, झालेल्या फसवणुकीच्या निषेधार्थ मी क्लास बंद केला आहे. निर्णय अंतिम आहे. तथापि येता गुरुवार ईस्टरच्या आधीचा असल्यानं त्या दिवशी ग्रंथालय उघडं असेल का, आणि पाळी कोणाची आहे, हे मला कळणं आवश्यक आहे. बाल्दोची असल्यास धडा नव्यानं काढावा लागेल, आणि तयारीला वेळ लागतो. मंगळवार, ३१ मार्च, दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर मिळावं.